कच्च्या टाक्यांचं वाक्य

शिंपीमास्तरांची चार वर्षांची नात दुकानाच्या चौकटीला धरून तासन्‌तास बघत उभी राहायची आणि मास्तरांनी मान वर केली की धूम पळायची. तिला येत होती फक्त आईची स्वाहिली. मुलगा म्हणे, "बाबा, मी सांगतो ना तिला." पण सख्ख्या नातीशी बोलायला मध्ये दुभाषा कशाला? मास्तरांना ते पटेना. सुट्टीला आलेली मंडळी शनिवारी सुनेच्या देशी परत जाणार होती. हातात उरले तीन दिवस.

तयारी मात्र सहा महिने चालली होती. सुनेकडून फोनवर शिकताना मास्तरांना कळलं, की या भाषेत अख्खं वाक्य तुकडे जोडून एका शब्दात शिवतात. आधी कोण, मग कधी, मग कुणाला, शेवटी काम. झालं, मास्तर खूश! त्यांनी जाड कागदाचे तुकडे कापले. 'नि' म्हणजे मी. 'ता' म्हणजे पुढे करणार. 'कु' म्हणजे तुला. 'शोनेआ' म्हणजे कुणासाठी तरी शिवणं. टाचण्यांनी जोडून भिंतीवर लावलं, निताकुशोनेआ. मी तुला शिवून देईन. पुढे 'गाउनी', म्हणजे फ्रॉक.

वाक्य तयार होतं, तोंड उघडत नव्हतं. चाळीस वर्षांत दुकानातून वाकडी शिवण बाहेर गेली नव्हती, मग वाकडा उच्चार कसा जाणार? रोज तुकडे काढायचे, रोज पुन्हा टोचायचे. मोठा हट्टी माणूस.

बटणं लावता लावता बायको वैतागली. "अहो, कोटाची ट्रायल कशावर घेता तुम्ही?"

"कच्च्या टाक्यांवर. त्यात काय विचारायचं?"

"एक बाही नसते, कॉलर नसते, तरी गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवताच ना? मग या एवढ्याशा पोरीपुढेच कसली इस्त्री?"

मास्तरांनी चष्मा काढून मशीनवर ठेवला. ते उठले आणि चौकटीपाशी गुडघ्यांवर बसले. नात पळायच्या बेतात होती.

"निता... कु... शोनेआ..." आणि पुढचा शब्द साफ उडाला. भिंतीकडे बघावं तर चष्मा मशीनवर! कान लाल झाले. शेवटी त्यांनी गळ्यातली टेप हातात घेऊन हवेतच एक मोठा घेर काढून दाखवला.

"गाउनी!" नात ओरडली.

मग ती आत आली, स्टुलावर चढली आणि गिऱ्हाइकासारखे दोन्ही हात पसरून उभी राहिली. तोंडाचा पट्टा सुरू झाला. मास्तरांना त्यातले दोन शब्द कळले, पण डोळे भरून यायला तेवढे पुरले.

शुक्रवारी फ्रॉक तयार झाला. खालची घडी उलटून बघत मुलानं विचारलं, "चार बोटं कापड आत कशाला?"

मास्तरांनी उत्तर नातीला दिलं. "म्वाकानी." पुढच्या वर्षी.

उच्चार वाकडाच होता. नातीनं तो सुधारला, मास्तरांनी पुन्हा चुकवला, आणि गिऱ्हाईक दारात ताटकळत असताना दोघांचं बराच वेळ तेच चाललं होतं.