आवाज जिकडे, मत तिकडे

भोंगासाहेब हे त्यांचं नाव नव्हे, पण मतपत्रिकेवर तेच छापलं असतं तर चार मतं जास्तच पडली असती. तरुणपणी ते बस चालवायचे. हॉर्न बिघडला तरी त्यांचं अडत नसे. खिडकीतून डोकं काढून एक आरोळी ठोकली की हातगाडीपासून ट्रकपर्यंत सगळे बाजूला. त्याच आरोळीवर ते कामगारांचे पुढारी झाले आणि पुढे आमदार. सलग पाच निवडणुका ते जिंकले आणि पाचही वेळा त्यांचा पक्ष हरला. स्वयंपाक उत्तम, पण पंगत दुसऱ्याची, असा प्रकार.

विरोधी बाकावर माणसाला मुख्य काम एकच: नाही म्हणणं. त्या सभागृहाचा रिवाज असा की अध्यक्षांनी आधी विचारायचं, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं," मग विचारायचं, "प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं," आणि ज्या बाजूचा आवाज मोठा तिची सरशी. भोंगासाहेबांचं 'नाही' छताला जाऊन थडकायचं. पक्षातल्या नव्या आमदारांना शिकवण एवढीच, की भोंगा वाजला की आपणही वाजायचं. हरायचे, पण वाजतगाजत हरायचे.

सहाव्या खेपेला मात्र पक्ष सत्तेवर आला. मंत्रिपदं वाटली गेली तेव्हा जावई, भाचे, देणगीदार असे सगळे बसून झाले आणि भोंगासाहेब उभेच राहिले. पण गडी कच्चा नव्हता. ते पक्षप्रमुखांना म्हणाले, "मला खुर्ची नको. एक कायदा द्या." खुर्चीपेक्षा कायदा स्वस्त पडतो हे प्रमुखांना चांगलं कळत होतं. त्यांनी लगेच मान डोलावली.

कायदा होता बस डेपोंचा, आणि तो त्यांच्या बायकोनं मागितलेला होता. बाई त्यांच्याच गाडीवर कंडक्टर. नवरा आमदार झाला तरी निवृत्त होईपर्यंत तिनं घंटी सोडली नाही आणि ड्युटीवर कधी घोटभर पाणी प्यायली नाही. प्यायलं की जावं लागतं, आणि जायला डेपोत जागा नव्हती. मूतखड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती शुद्धीवर येताच म्हणाली होती, "तुम्ही तिथं जगाला नाही म्हणता. माझ्यासाठी एकदा हो म्हणायला लावा." विधेयकाचं चौथं कलम तिचं होतं: प्रत्येक डेपोत बायकांसाठी स्वच्छतागृह आणि विश्रांतीची खोली बांधलीच पाहिजे. बाकीची कलमं म्हणजे नुसती शोभा.

मतदानाच्या दिवशी निघताना ती म्हणाली, "अहो, भाषण आवरतं घ्या. थांबा आला की उतरायचं."

"आज काळजीचं काम नाही. कायदा माझा, पक्ष माझा, बहुमत माझं. हरायला जागाच कुठंय?"

"जागा नसली तरी उभ्यानं चढणारे असतातच."

ती प्रेक्षकांच्या सज्जात पहिल्या रांगेत बसली. भोंगासाहेबांचं भाषण झकास झालं. मंत्र्यांनी चार गोड शब्दांत पाठिंबा दिला आणि ते चहाला गेले. पहिली तीन कलमं लोण्यातून सुरी जावी तशी गेली. तेवढ्यात पलीकडच्या बाकावरचा एकजण वाकून भोंगासाहेबांचा हात हातात घेऊन अभिनंदन करू लागला. कौतुक कानाशी आलं की माणसाला बाकीचं ऐकू येत नाही.

"चौथं कलम," अध्यक्षबाई म्हणाल्या. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं."

भोंगा वाजला नाही, म्हणून मागचे तरुणही वाजले नाहीत. त्या शांततेत 'होय' उमटलं ते समोरून. ते होतं वकीलसाहेबांचं, आताच्या विरोधी पक्षनेत्यांचं. सत्तेच्या बाकावर त्यांचे केस पांढरे झाले होते. अनुकूल शब्द कानावर पडला की त्यांचा घसा आपोआप चालायचा.

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं."

प्रतिकूल हा शब्द भोंगासाहेबांच्या ओळखीचा. हात अजून दुसऱ्याच्या हातात होता, पण घसा मोकळा होता.

"नाही," ते गरजले. आणि मागून त्यांची सगळी तालीम एका सुरात गरजली.

"कलम नामंजूर," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि मग आपण काय म्हटलं ते कळून त्यांनी चष्मा काढला.

सभागृहात हशा पिकला. भोंगासाहेबांनी वर सज्जाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. चुकीच्या थांब्यावर उतरलेल्या उतारूकडे पाहावं तशी त्यांच्याकडे पाहत होती.

नामंजूर कलम त्या अधिवेशनात पुन्हा आणता येत नसे, आणि पुढच्या अधिवेशनापर्यंत सरकारला खर्चाची आठवण होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. वाट एकच उरली होती. अध्यक्षांनी पुढचं कलम पुकारण्याआधी कुणीतरी मोजून मतदान मागायचं. पण ते मागायचा हक्क फक्त हरलेल्या आवाजाला. आणि हरलेला आवाज अख्ख्या सभागृहात एकच होता, तोही वकीलसाहेबांचा. ते खाली मान घालून कागद चाळत होते, म्हणजे झाली चूक कुणाच्या ध्यानात येऊ नये अशी इच्छा धरून होते.

भोंगासाहेबांनी माणसं पुष्कळ वाहिली होती. कोण पैसे नसताना खिसे चाचपतो, हे त्यांना आरशातूनसुद्धा कळायचं. ते उभे राहिले.

"अध्यक्षमहोदया, मला विरोधी पक्षनेत्यांचे आभार मानायचेत. कष्टकरी बायकांसाठी त्यांनी आज पक्ष बाजूला ठेवला. एकट्यानं होय म्हणायला छाती लागते."

वकीलसाहेबांनी मान वर केली. त्यांच्या मागे त्यांचेच आमदार एकमेकांकडे बघत होते, आणि वर वार्ताहरांची लेखणी थांबली होती. जीभ घसरली म्हणावं, तर एवढा नाणावलेला वकील आणि होय-नाही कळत नाही असं छापून येणार. मनापासून म्हटलं म्हणावं, तर मग त्यामागं उभं राहायला हवं. माणूस चुकीची लाज झाकायला कधी कधी तत्त्वाचं पांघरूण घेतो, आणि ते त्याला शोभूनही दिसतं.

"अर्थात," वकीलसाहेब सावकाश उठले. "बायकांचा प्रश्न पक्षाच्या पलीकडचा आहे. माझी मोजून मतदानाची मागणी आहे." मग डोळे बारीक करून ते पुढे म्हणाले, "मात्र आवाज जिकडे, मत तिकडे, हा इथला नियम. मी माझ्या आवाजाला जागतोय. माननीय सदस्यांनी त्यांच्या आवाजाला जागावं. इतरांचा गलका होता. त्यांचा आवाज मात्र सगळ्या शहराला ओळखू येतो."

अध्यक्षबाईंनी नियम पाहिला. नियम तसाच होता: तोंडी जे म्हटलं, मोजणीतही तेच मत द्यायचं.

भोंगासाहेबांनी क्षणभर हिशेब केला. एक मत जाणार, कलम येणार. असला सौदा रोज मिळाला तर माणूस गबर होईल.

"जागतो की," ते म्हणाले. "वकीलसाहेब, तुम्ही व्हा पुढं."

मतदानाची घंटा झाली. होय म्हणणाऱ्यांनी उजव्या दारानं बाहेर पडायचं, नाही म्हणणाऱ्यांनी डाव्या, आणि दारावर नावं मोजली जायची. बायकांच्या स्वच्छतागृहाविरुद्ध मत दिलं असं कुणाला घरी सांगायचं नव्हतं, म्हणून दोन्ही पक्ष वकीलसाहेबांमागून उजव्या दारानं गेले. डाव्या दारानं भोंगासाहेब एकटे निघाले, ताठ मानेनं, लग्नघरातून निघाल्यासारखे. दारावरचा कारकून त्यांचं नाव लिहिताना गोंधळला.

"साहेब, तुमच्याच कायद्याविरुद्ध?"

"लिही, लिही. अक्षर चांगलं काढ."

कलम मंजूर झालं. विरोधात एक.

जिन्यात बायको भेटली. "इतक्या वर्षांत तुम्ही दोघांनी पहिल्यांदा कामाचं काहीतरी केलंत," ती म्हणाली. "तेही चुकून."

"चुकून कसं? मी बरोबर जागी आणून सोडलं की नाही?"

"सोडलंत. खोलीच्या दाराला कडी आतून हवी. ते लिहिलंय का?"

भोंगासाहेब थांबले. ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. पण कायद्याखालचे नियम अजून व्हायचे होते, विधी सचिव वरच्या मजल्यावर बसले होते, आणि आवाज अजून शाबूत होता.

"तू खाली चहा घे," ते म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या चढत परत वर निघाले.