जिन्यावरचा कॅमेरा

"नाही म्हंजे नाही! किती येळा सांगू? आन महादेवा, तुले लाज नाही वाटत, याच्यासंगं माह्या दारात उभं राहाले?"

गिरिधर काळबांडे यांचा आवाज भोलेनाथ लेआउट या नागपुरातल्या वसाहतीच्या पार शेवटच्या घरापर्यंत गेला. दारात ठाण्यातला हवालदार उभा होता. त्याच्या शेजारी पांढऱ्या सफारीतले महादेवराव, गिरिधरभाऊंचे तरुणपणापासूनचे दोस्त आणि एके काळचे शेतकरी चळवळीतले नेते. दोघंही सकाळी सकाळी चहाच्या आशेने आले होते. चहा राहिला बाजूलाच.

"गिरिधरभाऊ, तापता काहून?" हवालदार म्हणाला. "साऱ्या लेआउटनं हो म्हटलं. तुमच्या जिन्यावर कॅमेरा आहेच. तो फक्त ठाण्यासंगं जोडाचा आहे. तुमच्याच सुरक्षेसाठी."

"माह्या सुरक्षेसाठी, का वरच्या पोरीवर पाळत ठेवासाठी? खरं सांगा."

हवालदाराने महादेवरावांकडे पाहिलं आणि महादेवरावांनी स्वतःच्या चपलांकडे.

वरची पोरगी म्हणजे प्रीती गजभिये, गिरिधरभाऊंची भाडेकरू. रामटेककडची. सरकारी दवाखान्यात नर्स, पण सरकारची नव्हे, ठेकेदाराची. ठेक्यावरच्या सगळ्या नर्सेसनी कायम करा म्हणून संविधान चौकात धरणं धरलं होतं, आणि ड्युटी संपली की त्यांच्या बैठका प्रीतीच्या खोलीत होत. जिन्यावर चपलांचा ढीग लागे. त्या चपला कोणाकोणाच्या, एवढंच ठाण्याला हवं होतं.

महादेवराव घसा साफ करून म्हणाले, "गिरिधर, तू उगाच तापून राहिला गा. आपुन बाजार मोकळा मागितला. पोलीस नको, असं कधी म्हटलं? सरकारनं दुकान चालवू नये, पन पहारा तं द्यावा. तेच त्याचं काम. ज्याच्या मनात पाप नाही, त्याले कॅमेऱ्याची भीती कायची?"

"नाक्यावर माह्या बापाच्या मनात कोनतं पाप होतं रे?"

"ते सरकार येगळं होतं."

"आन हे आपलं, असंच ना? म्हून याले कोनाच्याही घरात डोकवाची मुभा! ज्या सरकारले कापसाचा भाव कळत नोयता, त्याले मानसाची नियत बरोबर कळते? कोनं शिकवलं त्याले? तू?"

आणि त्यांनी दोघांच्या तोंडावर दार लावलं. चांगलं धाडकन लावलं.

हे नाक्याचं प्रकरण फार जुनं. त्या काळी महाराष्ट्रातला कापूस सरकारशिवाय कोणाला विकायची सोय नव्हती. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात भाव बरा मिळे, पण तिकडे गाडी वळवली की गुन्हा. मिसरूड फुटलेला गिरिधर बापासोबत बैलगाडी घेऊन सौंसरच्या बाजूला निघाला आणि नाक्यावर दोघंही धरले गेले. नाक्यावरच्या माणसाने पोराच्या देखत बापाच्या थोबाडीत मारली. स्वतःच्या शेतातला कापूस स्वतः विकायला निघालेला माणूस, आणि म्हणे चोर! गावातल्याच कोणीतरी खबर दिली होती. कोणी, ते कधी कळलं नाही. त्याचं फळ असं की बाप मरेपर्यंत गावात कोणाच्या ओसरीवर बसला नाही. ज्याच्या घरी चहा प्यावा, त्यानेच चुगली केली असली तर? थोबाडीत मारलेली त्याने गिळली, पण ही शंका काही त्याला गिळता आली नाही.

पुढे महादेव नावाचा एक तरुण गावात सभेला आला आणि म्हणाला, "सरकार तुमच्या बाजारातून उठलं की तुमी उभे राहाल." गिरिधर त्या वाक्याच्या प्रेमातच पडला. नागपुरात येऊन पंपाच्या मोटारींच्या वाइंडिंगचं दुकान टाकलं, लग्न केलं, मुलगा पुण्याला नोकरीला लावला, पण महादेवची एकही सभा चुकवली नाही. भाषण कधी केलं नाही. सतरंज्या अंथरल्या, भोंगे बांधले आणि टाळ्या वाजवल्या. बाजार मोकळा असला की माणूस मोकळा, यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा.

त्यामुळे गंमत अशी की प्रीतीचं आंदोलन त्यांना अजिबात पटत नव्हतं. ती ड्युटीवरून आली की जिन्याच्या पायथ्याशीच जुंपायची.

"ठेका नसता तं तुले नोकरीच भेटली नसती. कायम केलं का मानूस काम करत नाही!"

"काका, तुमी मोटार जाळली तं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. आमचा पगार ठेकेदार दाबते, तं आमी कुठं जाव? साऱ्या दवाखान्यांत ठेकेदार तोच."

"मंग बाजारात अजून ठेकेदार आले पाहिजे!"

"आनून द्या ना तुमी. कुठं भेटते ते सांगा, मी पिशवी घेऊन जाते."

यावर गिरिधरभाऊंचा आवाज चढे. मग तिचाही चढे. शेवटी त्यांची बायको रुखमाबाई स्वयंपाकघरातून ओरडत, "झालं असन तुमचं पार्लमेंट तं जेवाले बसा! तू बी बस वं पोरी." आणि दोघं एकमेकांकडे रागाने बघत एकाच वरणात भात कालवत.

हवालदाराला हाकलून लावलं त्या दिवशी गिरिधरभाऊ तरातरा जिना चढून वर गेले.

"ठाण्याचे लोक आलते. तुह्या मैतरिनींचे फोटो मांगून राहिले होते. माह्या घरातून एक चित्र बाहेर जानार नाही. शब्द देतो तुले."

प्रीती हसली. "म्हंजे काका, तुमी आमच्या बाजूनं?"

"बाजू-बिजू काही नाही. तुमचं चुकलंच आहे. पन माह्या जिन्यावरून कोनी कोनाची चुगली करनार नाही."

त्या शब्दावर पोरी निर्धास्त झाल्या. बैठका चालू राहिल्या. आणि महिना सरताना ठेका नवा झाला, तेव्हा नेमक्या याच पोरींची नावं गळाली. धरण्यावर बसलेल्या कितीतरी जणी कामावर राहिल्या, कारण त्या या घरी कधी आल्या नव्हत्या. कामिनी नावाची एक साधी पोर, धरण्यात नाही, बैठकीत नाही, एका दुपारी फक्त प्रीतीचा डबा परत द्यायला जिना चढली होती. तिचीही नोकरी गेली. तिच्या पदरात दोन वर्षांचं लेकरू.

प्रीती खाली आली तेव्हा ओरडली नाही, आणि तेच गिरिधरभाऊंना सोसेना.

"काका, तुमी शब्द देला होता."

"देला होता! आन पाळला बी! कोनाची शपथ घेऊ?"

ती नुसती बघत राहिली. बापाने गावातल्या माणसांकडे जसं पाहिलं होतं, तसंच ती आता आपल्याकडे बघते आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पायात चपला सरकवून ते तडक ठाण्यात पोचले.

हवालदार खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "काका, तुमच्याकडून कोनं घेतलं? तुमी नाही म्हटलं, आमी परत आलो का? कॅमेरावाल्या कंपनीले एक मेल टाकला, तिनं पाठवून देलं. सारं रेकॉर्डिंग तं तिच्याचजवळ राहाते."

"मले न इचारता?"

"ते तुमी आन तुमची कंपनी पाहून घ्या."

"आन ठेकेदाराजवळ कसं गेलं?"

"आमाले माहीत नाही," असं म्हणून हवालदाराने समोरचा पंखा आपल्याकडे वळवून घेतला.

कॅमेरा मुलाने, पियुषने लावला होता. मागच्या दिवाळीला पुण्याहून आला तेव्हा, आईबाप एकटे राहतात म्हणून. गिरिधरभाऊंनी ठाण्याच्या फाटकातूनच त्याला फोन लावला.

"बाबा, अटींमध्ये असतं ते," पियुष म्हणाला. "स्टोरेज फुकट मिळत होतं, तो प्लॅन घेतला. आपण हो म्हटलंय. कोणी जबरदस्ती थोडीच केली? तुम्हीच सांगायचे ना लहानपणी, करार म्हणजे करार."

फोन ठेवल्यावर त्यांना कोणावर ओरडावं हेच कळेना. सरकारवर ओरडायची त्यांना जन्माची सवय. पण सरकार निदान दारात येऊन विचारत होतं, त्याच्या तोंडावर दार तरी लावता आलं होतं. बाजाराने विचारलंसुद्धा नाही. ज्याच्यासाठी जन्मभर सतरंज्या उचलल्या, त्यानेच त्यांचा जिना ठाण्याला देऊन टाकला होता, आणि तेही फुकट!

घरी आले, पक्कड घेतली आणि स्टूलवर चढून कॅमेरा उपटून काढला. भिंतीचा पोपडा रुखमाबाईंच्या डोक्यावर पडला.

"आता काढून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "पोरगी सामान बांधून राहिली वर."

ते वर गेले. जे घडलं ते सगळं सांगितलं, कंपनीचं, पियुषचं, कराराचं. प्रीती गादी गुंडाळता गुंडाळता ऐकत होती.

"मानते मी काका. तुमी नाही देलं. पन बाकीच्या पोरींले काय सांगू? जिना तं तुमचाच होता."

"आता नाही ना कॅमेरा. राहा ना."

"ज्या घरी याले पोरी भितात, तिथं राहून मी काय करू?"

गिरिधरभाऊंनी तिचा गॅसचा सिलिंडर स्वतः खाली उतरवला. ई-रिक्षात ठेवला. ती रुखमाबाईंच्या पाया पडली, त्यांच्याही पडली आणि गेली. त्या रात्री ते जेवले नाहीत. महादेवरावांचा फोन दोनदा वाजला, तो त्यांनी घेतला नाही. पुढेही कधी घेतला नाही.

आठवडाभराने यवतमाळकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन खोली बघायला आले. मुलगी कॉलेजला, नाव गुंजन. गृहस्थांनी नळ पाहिला, खिडकी पाहिली आणि मग जिन्यावरच्या पोपडा गेलेल्या भिंतीशी थांबले.

"कॅमेरा नाही का?"

"होता. काढला."

"मग मीच लावून देतो. मले घरबसल्या मोबाइलवर दिसलं पाहिजे, किती वाजता येते, कोन येते, कोन जाते. जमाना खराब आहे. भाडं वाढवून घ्या तुमी. बोला, किती देऊ?"

मुलगी बापाच्या मागे उभी होती. ती कोणाकडेच बघत नव्हती.

"इथं कॅमेरा लागनार नाही," गिरिधरभाऊ म्हणाले. "पोरीले राहाचं असन तं खुशाल राहू द्या."

"अजब मानूस आहे! पैसे देऊन राहिलो तरी नाही म्हनते. चल वं." गृहस्थ तणतणत जिना उतरले.

मुलगी दोन पायऱ्या उतरून थांबली आणि हळूच म्हणाली, "काका, थोडे दिवस खोली ठेवता का? मी बाबांले समजावते."

"ठेवतो," ते म्हणाले. "शब्द देतो."

ती काही परत आली नाही. आता कितीतरी महिने झाले. रिकामी खोली ठेवणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा, असं रुखमाबाई रोज बोलून दाखवतात आणि ते खोटंही नाही. गिरिधरभाऊ दर रविवारी वर जाऊन खोली झाडतात, खिडकी उघडून ठेवतात. खाली दुकानात कोणी येऊन विचारलं, खोली रिकामी आहे का, तर हातातल्या मोटारीवरून मान वर न करता सांगतात, "नाही. देली आहे."