चौथ्या कप्प्याचं झाकण

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे. अख्खा डबा म्हणवून घेण्याचा मला हक्क नाही, कारण चार कप्प्यांच्या डब्यातला मी एकटाच, सर्वांत खालचा कप्पा. अंग पितळेचं आणि झाकण मात्र अल्युमिनियमचं, ज्याला तेव्हा सगळे जर्मन म्हणत. घरात नवं माणूस आलं की माझ्याकडे बघून आधी हसतं. हसू दे. या झाकणाची गोष्ट सांगताना माझी मालकीण शरयूसुद्धा हसते, आणि शेवटाला आली की डोळे पुसते.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या एका तांबटानं पत्रा ठोकून ठोकून आम्हा चौघा भावांना घडवलं, आतून कल्हई केली आणि एका दांडीत एकावर एक बसवलं. मी सर्वांत मोठा, म्हणून तळाला. भाताचा मान माझा. आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. अशा डब्यात झाकण फक्त वरच्याला असतं. खालच्यांवर दुसरा कप्पा बसतो, तेच त्यांचं झाकण. मला स्वतःचं झाकण नव्हतं आणि भावांचा भार डोक्यावर असल्यामुळे त्याची उणीवही कधी भासली नाही.

वसुधाबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी आम्हाला दिलं. गोंदियाहून छोट्या रुळांच्या गाडीनं आम्ही त्यांच्यासोबत जबलपूरला आलो. राइट टाउनात दोन खोल्या आणि मागे पडवी, एवढं घर. गुणवंतराव, म्हणजे वसुधाबाईंचे यजमान, तोफांचे गाडे बनवणाऱ्या गन कॅरेज कारखान्यात लेथ मशीनवर होते. रोज त्यांच्या सायकलच्या हँडलला लटकून आम्ही कामावर जायचो. दुपारी भोंगा झाला की डबा उघडायचा, आणि शेजारच्या लेथवरचा श्यामसुंदर वाकून वास घ्यायचा. "वाह भैया, भाभीजी के हाथ का भात!" ही तारीफ ऐकण्यात माझी बारा वर्षं कशी गेली ते मला कळलंही नाही.

वसुधाबाईंचं सोवळं मोठं कडक होतं. अंडं हा शब्दसुद्धा त्या घरात हळू आवाजात बोलत. तिथं मासा-मटण तर स्वप्नातही शिरलं नसतं.

मग पासष्ट साल उजाडलं. त्या उन्हाळ्यात त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, नऊ वर्षांच्या शरयूला, मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस पोर अंथरुणात होती आणि एकवीस दिवस तिच्या पायाशी बुंदी बसून होती. बुंदी म्हणजे घरची मांजर. अंगावर पिवळे ठिपके, म्हणून हे नाव. ताप उतरला, पण शरयूची भूक जी गेली ती परत येईना. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. नेपियर टाउनातले डॉक्टर म्हणाले, औषध संपलं, आता फक्त अन्न. हिला कसंही करून खाऊ घाला, नाहीतर हे दुखणं उलटेल.

आणि नेमकी त्याच सुमारास बुंदीनं खाणं सोडलं. ती दिवसभर मान आणि कान खाजवायची. खाजवून खाजवून केस गेले आणि कानामागे रक्त येऊ लागलं. शरयूनं ते पाहिलं आणि ताट पुढं सारलं.

"बुंदी जेवली का?"

"ती जेवेल नंतर. तू खा, बेटा."

"मग मीही नंतर."

बापाचा हट्ट आणि आईचा निग्रह, दोन्ही एकाच पोरीत उतरलेले. त्या दिवसापासून बुंदी जेवेल तेवढंच शरयू जेवू लागली. म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

'खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी' असा बुंदीचा बाणा असता तर सोपं होतं, कारण तिला तूपच दिलं जात होतं. दुधात कुस्करलेली पोळी, वर तुपाची धार. खाल्ली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी साय. तीही नको म्हणून आटवलेलं दूध. शेजारच्या विभावरीताई म्हणाल्या, "रेशनच्या लाल गव्हाची पोळी काहून देता? चांगल्या गव्हाची द्या. अन् दूध वाढवा. मांजराला दुधाहून काय पाहिजे?" लगेच दूध वाढवलं. बुंदी आणखी खाजवू लागली. मित्रांनो, डोळे मिटून दूध पिणारी मांजर आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. दुधानं आजारी पडणारी मांजर असू शकते, हे त्या घरात कुणाच्या डोक्यातच येईना. तिनं उंदीर मारावा म्हटलं, तर ती शरयूच्या पलंगावर वाढलेली. उंदीर समोरून गेला तर पाय वर घ्यायची.

सप्टेंबरात लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले आणि कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या. गुणवंतराव थकून घरी यायचे आणि पोरीचं ताट आधी बघायचे. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आज बुंदीला काय दिलं?"

"दूध बंद केलं, ताक दिलं. पोळीऐवजी भाकरी दिली. कानाला कडुनिंबाचं तेल लावलं. अन् विभावरीताईंनी अंगारा दिला, तोही लावला." वसुधाबाई रडकुंडीला आल्या होत्या. "अजून काय करू, तुम्हीच सांगा."

गुणवंतराव पायांतले बूट काढता काढता थांबले. "अगं, लेथ बिघडली की आम्ही सगळे स्क्रू एकदम नाही फिरवत. एक फिरवायचा, पाहायचं. मग दुसरा. सगळे एकदम फिरवले, तर बिघाड कुठं होता ते समजतच नाही."

दुसऱ्या दिवसापासून तसंच सुरू झालं. शरयूच्या हाती पेन्सिल दिली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती रोज लिहू लागली, 'खाज जास्त' नाहीतर 'खाज कमी'. पहिला आठवडा नुसतं दूध बंद, पोळी पूर्वीसारखी. बुंदीचं पोट सुधारलं, खाज तेवढीच. दुसऱ्या आठवड्यात पोळीही बंद, फक्त मऊ भात. चौथ्या दिवशी शरयूनं ओरडून सांगितलं, "आई, कमी! आज कमी खाजवलं!" बिघाडाचे दोन स्क्रू सापडले होते. पण बुंदी भात हुंगायची आणि तोंड फिरवून निघून जायची. खाज उतरली तशी ताकदही उतरत होती, आणि इकडे शरयूच्या बांगड्या तिथंच, कोपराशी.

गुणवंतरावांनी दुपारच्या सुटीत हे श्यामसुंदरला सांगितलं. तो गोहलपुरातला, घरात आई आणि तो, दोघंच. तो पोट धरून हसला. "भैया, आपने तो बिल्ली को पंडित बना दिया! मछली दो उसको, मछली. मेरी अम्मा उबाल देगी, काँटे निकाल के. बस, बर्तन भेज दीजिए."

घरी येऊन गुणवंतरावांनी ही गोष्ट सांगितली. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा प्रश्न पूर्वी उंदरांना पडला होता. आमच्या घरात मांजराच्या तोंडी मासा कोण देणार, हा पडला.

वसुधाबाईंनी शरयूच्या ताटाकडे पाहिलं. वरणभात तसाच होता आणि त्यावर साय धरली होती. त्या उठल्या, डब्याची दांडी काढली, तिघा भावांना बाजूला ठेवलं आणि मला उचलून पडवीत नेऊन ठेवलं.

"हा घ्या," त्या म्हणाल्या. "बोळकं सायकलवर फुटेल. हा पक्का आहे. पण आता हा स्वयंपाकघरात येणार नाही."

मला फार वाईट वाटलं. का वाटू नये? बारा वर्षं भाताचा मानकरी, आणि एका रात्रीत पडवीतला. त्यात आणखी म्हणजे, मी नसल्यानं भाऊ दांडीत खडखडू लागले, म्हणून सुताराकडून माझ्या मापाचा लाकडी ठोकळा करून आणला. माझ्या जागी ठोकळा! तो काही भात सांभाळत नव्हता, नुसता बसून होता. त्याचा मला जो राग आला तो आजही पुरता गेलेला नाही.

तोंडावर फडकं बांधून मी गोहलपुरात गेलो. अरुंद गल्ली, दोन्हीकडे खटखट आवाज करणारी कारागिरांची दुकानं. श्यामसुंदरच्या अम्मांनी मला हातात घेऊन फिरवून पाहिलं. "अरे, इसका ढक्कन कहाँ है? बिना ढक्कन का बर्तन रास्ते भर धूल खाएगा." मग घरातली सगळी झाकणं काढून त्या माझ्या तोंडावर बसवून पाहू लागल्या. पाचवं बसलं, जर्मनचं, एका बाजूला जरासं चेपलेलं. जन्मात पहिल्यांदा मला स्वतःचं झाकण मिळालं, आणि ज्या बाईनं दिलं तिनं माझ्या घरच्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

मीठ नाही, हळद नाही, नुसता उकडलेला मासा घेऊन मी परतलो. बुंदीनं डोकं माझ्यात घातलं ते तळ चाटूनच बाहेर काढलं. शरयू टाळ्या पिटत राहिली आणि तिनं दीड पोळी खाल्ली. वसुधाबाई नाकाला पदर लावून पडवीच्या दारात उभ्या होत्या, आणि पदराखाली रडत होत्या.

आठ दिवस घर आनंदात होतं. नवव्या दिवशी कॅलेंडरवर पुन्हा 'खाज जास्त' आलं. दहाव्या दिवशी कानामागे रक्त. शरयूनं ताट सारलं.

"एवढं सोवळं मोडलं," वसुधाबाई म्हणाल्या, "अन् हातात काय आलं?"

"मासा नाही चालत, हे आलं," गुणवंतराव म्हणाले. पण त्यांचाही आवाज पडला होता.

निरोप गोहलपुरात गेला. अम्मांनी क्षणभरही विचार केला नाही. "मछली नहीं पचती, तो बकरे का देखेंगे. भूखी थोड़े रहेगी बेचारी." बकऱ्याचं मटण उकडून, बारीक करून, मऊ भातात कालवून त्यांनी माझ्यात भरलं आणि झाकण दाबून बसवलं.

बुंदीनं ते खाल्लं. दुसऱ्या वेळीही खाल्लं. आठवडा गेला, खाज वाढली नाही. दुसरा आठवडा गेला आणि तिच्या मानेवर कोवळे केस दिसू लागले. शरयू तिच्याशेजारी पडवीतच पाट मांडून जेवू लागली. दिवाळी तोंडावर आली तेव्हा तिच्या बांगड्या मनगटावर थांबत होत्या. वसुधाबाई दिवसातून दहादा त्या मनगटाकडे पाहायच्या.

एक दिवस मी गोहलपुरात, एक दिवस राइट टाउनात, असा माझा फेरा चालला होता. सगळं चांगलं होतं, पण एक गोष्ट वसुधाबाईंना टोचत होती. मला त्या परसातल्या नळाखाली राख-चिंच लावून स्वतः घासायच्या आणि पालथं घालून तशाच उभ्या राहायच्या. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि माझं झाकण तर अम्मांचंच होतं. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. आणि मी महिनाभर त्या घरी रिकामा जात होतो. स्वयंपाकघरातलं अन्न माझ्यात घालायचं तर मला स्वयंपाकघरात न्यायला हवं, आणि तिथं मला मज्जाव होता.

दिवाळीच्या सकाळी विभावरीताई फराळाचं ताट घेऊन आल्या, तेव्हा वसुधाबाई माझ्यावर कढत पाणी ओतत होत्या. मग त्यांनी मला पुसलं आणि मला घेऊन सरळ स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला.

विभावरीताईंनी तोंडावर हात ठेवला. "वसुधा, काय करून राहिली? हा तर तोच ना, बुंदीचा?"

"हो, तोच." वसुधाबाईंनी मला फराळाच्या परातीशेजारी ठेवलं. "माझी पोर त्या बाईच्या हातामुळं जेवून राहिली, ताई. अन् मी तिला रिकामं भांडं पाठवू? माझ्या आईनं पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं मला?"

त्यांनी माझ्यात करंज्या रचल्या, वर चिरोटे ठेवले आणि ते चेपलेलं झाकण बसवलं. शरयू बाबांच्या सायकलवर पुढं बसून मला पोटाशी धरून गोहलपुरात घेऊन गेली.

अम्मांनी झाकण काढलं. आत पाहिलं. कुठल्या घरचं भांडं आणि त्यात काय, हे त्यांना पुरतं कळत होतं.

"बिटिया, तुम्हारी माँ ने अपने हाथ से इसमें रखा?"

"हो. स्वयंपाकघरात... मतलब, चौके में बैठके," शरयू म्हणाली.

अम्मांनी एक करंजी कपाळाला लावली. मग अर्धी मोडून शरयूच्या तोंडात घातली. शरयूनं ती खाल्ली आणि दुसरी मागितली. तिची भूक परत आली होती.

त्यानंतर मी कधीच रिकामा फिरलो नाही. इकडून जाताना शंकरपाळे, कधी नुसता गूळ. तिकडून येताना बुंदीचं जेवण. बुंदी आणखी नऊ वर्षं जगली.

ती गेल्यावर, आणि पुढे अम्माही गेल्यावर, माझं काम संपलं. मी माळ्यावर पडलो, काळा पडलो, वीसएक वर्षं कुणी हात लावला नाही. एकदा भंगारवाल्याच्या पोत्यातही गेलो होतो. झाकण जुळत नाही म्हणून त्यानं ते वेगळं काढलं, आणि त्या चेपलेल्या झाकणावरून शरयूनं मला ओळखलं. आता मी तिच्या फळीवर आहे. शेजारी माझे तिघे भाऊ आहेत आणि त्यांच्या तळाशी तो ठोकळाही. झाकण काढलं तर मी अजून दांडीत बसेन. शरयू ते काढत नाही, आणि काढावं असं मलाही वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातलं मुकं जनावर जेवत नसेल तर त्याला हट्टी म्हणू नका. त्याला सांगता येत नाही, म्हणून तुम्ही धीरानं एकेक गोष्ट बदलून पाहा. आणि आज घरी गेलात की फळीवर एकदा नजर टाका. दुसऱ्या कुणाचं भांडं तुमच्याकडे राहिलेलं असेलच. ते परत करा, पण रिकामं नको.