तेलाशिवाय हळद

आमच्या कावेरीच्या मानेवर फिकट ठिपके उठले ते नेमके लग्न ठरल्यावर. मी तिची चुलती. पोखर्णीत माझ्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती, पण त्या ठिपक्यांपुढे माझंही काही चालेना. जाऊबाईंनी, म्हणजे कावेरीच्या आईनं, एकच उपाय धरला: सकाळ-संध्याकाळ करडईचं तेल. कातडीत तेल मुरलं की सगळं बरं होतं, हा आमच्याकडचा नियम बाळंतिणीपासून बैलापर्यंत सगळ्यांना लागू. तेल मुरत गेलं आणि ठिपके पाठीवर उतरले.

राणीसावरगावहून विहीणबाई चतुराबाई साडीचोळी घेऊन आल्या. ओटी भरताना कावेरीचा पदर सरकला आणि त्यांनी हात मागे घेतला.

"कोड हाय," त्या हळूच म्हणाल्या. "माज्या लेकाच्या जल्माचा सवाल हाय, बाई. राग धरू नगा."

राग तर आलाच. पण त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

"मोडायचंच आसंल तर परभनीच्या डागदराला दावून मोडा," कावेरीचे वडील किशनराव म्हणाले. चतुराबाई कबूल झाल्या.

निजामाच्या पिवळ्या झेंड्याखालच्या त्या दवाखान्यात डॉक्टर दिनकररावांनी एक ठिपका काचेच्या पट्टीनं खरवडला, वर निळ्या औषधाचा थेंब सोडला आणि खुर्दबिनीत, म्हणजे बारीक ते मोठं दाखवणाऱ्या नळीत, पाहिलं. मग आम्हालाही पाहायला लावलं. आधी नुसता उजेड. मग निळ्या मण्यांचे घोसच्या घोस, मधूनमधून आखूड काड्या.

"हे कोड नाही. बारीक बुरशी आहे," डॉक्टर म्हणाले.

"हिला कुटून लागली?" चतुराबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी दुसरी पट्टी चतुराबाईंच्याच कपाळावर घासली. खुर्दबिनीत तेच मणी. फक्त थोडे, आणि काड्या नव्हत्या.

चतुराबाई कितीतरी वेळ डोळा लावून वाकून राहिल्या. "ह्ये माज्या अंगावर?"

"सगळ्यांच्या. अगदी लहानपणापासून. असे किती तरी जीव कातडीवर राहतात. बहुतेक निमूट असतात. काही तर वाईट जंतूंना जागाच मिळू देत नाहीत. या बुरशीला मात्र तेल आवडतं. उन्हाळा, घाम आणि वर रोजचं तेल मिळालं की ती माजते, तिला त्या काड्या फुटतात."

जाऊबाईंनी आपले तेलकट हात पदराला पुसले. लेकीला बरी करायला म्हणून ती माउली त्या बुरशीलाच जेवू घालत होती.

डॉक्टरांनी गंधकाचं मलम दिलं, तेल बंद करायला सांगितलं. कातडीचा रंग मात्र सावकाश भरणार होता. परतीच्या गाडीत चतुराबाई आपल्याच तळहाताकडे पाहत होत्या.

"येवढी वस्ती घिऊन फिरायलोत आपन," त्या म्हणाल्या, "अन् म्हनतो, मी येकटी हाय." उतरताना एवढंच बोलल्या, "हळदीची तयारी करा."

हळदीच्या दिवशी ठिपके तसेच होते. मांडवात बाया कुजबुजत होत्या; कोणी पुढे होईना. नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन करवली यायची, तर आल्या खुद्द चतुराबाई. तेलाची वाटी त्यांनी बाजूला सारली. त्यांची हळद नुसत्या पाण्यात कालवलेली होती.

"माज्या लेकाच्या अंगावरली हाय ही," त्या कावेरीला म्हणाल्या. "त्याच्यावरले जीव आता तुज्यावर येतील, तुज्यावरले त्याच्यावर. संसार म्हंजी दुसरं काय आसतंय?"

आणि उघड्या तळव्यानं त्यांनी तिच्या मानेवरच्या ठिपक्यांवर हळद चोळली. कावेरी रडायला लागली, मीही. मग चतुराबाई मागे वळून बायांना म्हणाल्या, "या, लावा आता."