छातीवरचा हात

माझ्या छातीवर मधोमध वीतभर लांबीचा व्रण आहे. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना मी फावडं टाकून खाली बसलो, तो थेट ऑपरेशन टेबलावरच पोचलो. बायपास झाली, वाचलो, सगळं ठीक. मला सांगायचंय ते त्या व्रणाबद्दल नाही, त्यावर ठेवायच्या हाताबद्दल आहे. घरी आल्यावर कुणाचा आवाज चढला, कुणी माझ्या मनाविरुद्ध बोललं, की माझा उजवा हात आपोआप छातीवर जायचा. पहिले काही महिने खरंच दुखायचं. नंतर दुखायचं थांबलं, हात जायचा थांबला नाही, कारण तो गेला की बायको आणि मुलगी दोघीही बोलता बोलता गप्प व्हायच्या. इतकं स्वस्तात जिंकायला मिळाल्यावर कोण सोडतो?

मी इथे नोव्हाय नावाच्या गावात गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. आलेल्या मालात खोट काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. पंचवीस वर्षं तेच केल्यामुळे माणसांतही खोट काढायची खोड लागलेली, स्वतःला सोडून. पद्मिनी, म्हणजे माझी बायको, म्हणते की तुमच्यापुढे जेवण वाढायचं म्हणजे इन्स्पेक्शनला माल पाठवण्यासारखं आहे.

अनिका आमची एकुलती एक. मी हॉस्पिटलात होतो तेव्हा ती अकरावीला होती. शाळा सुटली की थेट माझ्याकडे यायची आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत अभ्यास करत बसायची. माझी नर्स डेब्रा नावाची साठीची, धिप्पाड, मोठ्याने हसणारी बाई होती. तिने अनिकाला नाडी मोजायला शिकवलं. अंगठ्याच्या खाली दोन बोटं ठेवायची, नजर घड्याळावर, अर्धा मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायचं. अनिका रोज माझी नाडी मोजायची आणि डेब्रा तिचा आकडा मशीनशी ताडून बघायची. आठवडाभरात दोघींचा खेळच होऊन बसला.

चौथ्या दिवशी मला बाथरूमपर्यंत जाववलं नाही आणि व्हायचं ते पलंगावरच झालं. डेब्राने पडदा ओढला, आपल्या कुत्र्याच्या खोड्या सांगत सांगत मला पुसलं, चादर बदलली, स्वच्छ कपडे घातले. लाजेने मी डोळेच उघडले नाहीत. पडदा सरकला तेव्हा अनिका समोर उभी होती. तिला सगळं कळलं होतं, तरी तिच्या चेहऱ्यावर किळस नव्हती, कौतुक होतं. ते अर्थातच माझं नव्हतं.

बारावीच्या सुरुवातीला तिने जेवताना सांगितलं की तिला नर्सिंगच करायचंय. मी म्हटलं, इतके चांगले मार्क आहेत तर डॉक्टर का होत नाहीस? ती म्हणाली की डॉक्टर दिवसातून चार मिनिटं येत होते. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट फिरत राहिली, की माझी मुलगी लोकांची अंगं पुसणार. ते काम काय असतं हे मला पुस्तकातून कळायची गरज नव्हती, ते माझ्या अंगावर झालं होतं. ज्या कामाने मला उठवून बसवलं तेच काम माझ्या पोरीने करू नये असं मला वाटत होतं. याला कृतघ्नपणा म्हणतात. तेव्हा मी त्याला काळजी म्हणत होतो.

मार्चपर्यंत सगळीकडे केलेल्या अर्जांची उत्तरं आली आणि निवड दोन ठिकाणांवर आली. एक सेंट ऑड्री, दोन तासांवरचं छोटं विद्यापीठ. आमच्या ओळखीत कुणी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. पण त्यांनी तिला थेट नर्सिंगमध्ये जागा दिली होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून ती नर्सिंगचीच विद्यार्थिनी, अभ्यास नीट केला की चार वर्षांनी नर्स. दुसरी आमच्या राज्यातली मोठी युनिव्हर्सिटी, घरापासून पाऊण तासावर. तिचं नाव घेतलं की समोरचा माणूस भुवया उंचावतो. तिथे मात्र प्रवेश मिळाला होता तो नुसता कॉलेजात. दोन वर्षं शिकायचं, मग नर्सिंगसाठी पुन्हा अर्ज करायचा, तोही एकदाच, आणि अर्ज करणाऱ्या चौघांतल्या एकालाच घेतात. पद्मिनी लगेच म्हणाली, हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं?

मी म्हटलं, आपण शास्त्रशुद्ध ठरवू. ऑफिसात सप्लायर निवडताना आम्ही कोष्टक करतो, तसं केलं. कुठल्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचं ते आधी ठरवायचं, मग दोघांना गुण द्यायचे, गुणाकार, बेरीज, संपलं. रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही तिघांनी शंभरातलं वजन वाटलं. नर्सिंगची जागा पक्की असण्याला तीस. हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाला पंचवीस. लायसन्सच्या परीक्षेत किती मुलं पास होतात त्याला वीस. घरापासूनच्या अंतराला पंधरा. आणि युनिव्हर्सिटीच्या नावाला दहा. हे दहा मी मागून घेतले होते, अनिका शून्य द्यायला तयार होती. सेंट ऑड्री दणदणीत जिंकलं. अनिकाने माझ्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, थँक यू बाबा, फॉर बीइंग फेअर.

पुढच्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. संजीव भेटला. आम्ही दोघं एकाच वर्षी पुण्याहून आलो, एकाच अपार्टमेंटात राहिलो, आणि तेव्हापासून आमची न बोललेली शर्यत चालू आहे. त्याने अनिकाचं विचारलं, मी सांगितलं. तो वाईट माणूस नाही. अगदी सहानुभूतीने त्याने विचारलं, "नर्सिंग? का रे, मार्क कमी पडले का?" आणि मग कॉलेजचं नाव मला दोनदा सांगायला लावलं.

दोन दिवसांनी ऑफिसात लंचच्या वेळी मी ते कोष्टक उघडलं. पक्क्या जागेचे तीस होते, त्याचे पंधरा केले. नावाचे दहा होते, त्याचे पंचवीस केले. बेरीज शंभरच राहिली. मोठी युनिव्हर्सिटी चार गुणांनी पुढे गेली. हेच एखाद्या सप्लायरने केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. डबा बंद केला आणि मीटिंगला गेलो.

संध्याकाळी दोघींना बोलावलं आणि म्हटलं, गुण पुन्हा तपासले, गंमत बघा, मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. पद्मिनी आकड्यांच्या वाटेला जात नाही. अनिका मात्र बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मी बोलत सुटलो होतो. चौघांत एक म्हणजे काय, शाळेत तू कधी चौघांत पहिली नव्हतीस? आणि घराजवळ राहशील, आम्हालाही बरं. तिने तोंड उघडलं, काहीतरी विचारणार होती. माझा हात छातीवर गेला.

"ओके बाबा," ती म्हणाली. "ठीक आहे."

जूनमध्ये इथल्या रिवाजाप्रमाणे अंगणात युनिव्हर्सिटीच्या नावाची पाटी रोवली, गाडीला स्टिकर लावला. संजीवने पाटीजवळ उभं राहून फोटो काढून घेतला. मी फार खूश होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण होतो.

दोन वर्षं अनिकाने मान मोडून अभ्यास केला. दर शनिवारी घरी यायची, माझ्या गोळ्यांचा डबा भरायची, बीपी बघायची. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात एका संध्याकाळी माझ्या छातीत जळजळलं. पद्मिनी म्हणत होती की दुपारचे बटाटेवडे बोलतायत. मी अनिकाला फोन केला. ती पाऊण तास गाडी हाणत आली, मला इमर्जन्सीत घेऊन गेली, सगळ्या टेस्ट होईपर्यंत पहाटेपर्यंत शेजारी बसून राहिली. अॅसिडिटी निघाली. सकाळी तिची केमिस्ट्रीची परीक्षा होती. एवढ्या एका विषयात तिला बी ग्रेड मिळाली. त्या बीमुळेच सगळं झालं असं कुणी सांगणार नाही. झालं नाही असंही कुणी सांगणार नाही.

या एप्रिलमध्ये एका शनिवारी सकाळी ती आली, बूट काढले, ओट्यापाशी उभी राहून पाणी प्यायली आणि म्हणाली की नर्सिंगमध्ये घेतलं नाही. काल कळलं. पद्मिनी भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला. अनिका रडत नव्हती. रडून झालं असावं, तेही आमच्यापासून लांब.

क्वालिटीवाल्यांना चूक दिसली की लगेच दुरुस्तीचा उपाय लिहायची सवय असते. मी सुरू झालो. सेंट ऑड्रीला फोन करू, मी स्वतः जातो, भेटतो. ती म्हणाली की तिने कालच केला होता. तिथल्या जागा शाळेतून येणाऱ्या मुलांनी भरतात, मधूनच कुणाला घेत नाहीत. मग आणखी कुठे? दुसरी डिग्री झाल्यावरही नर्सिंग करता येतं म्हणतात, ते? ती टेबलापाशी माझ्यासमोर बसली.

"बाबा, आय अॅम टायर्ड," ती म्हणाली. "मी डेटा सायन्सला स्विच करते आहे. फॉर्म भरलाय. चांगला जॉब मिळेल. संजीवकाकांना सांगायलाही सोपं आहे."

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण आवाजात टोमणा नव्हता, माझी सोय बघणं होतं. गोळ्यांचा डबा भरते तशी. मला तिथे बसवेना. दोन वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर काढावं, तिला एकदा माझ्यावर मनसोक्त ओरडू द्यावं असं वाटलं. मी म्हटलं, "अनिका, ते कोष्टक होतं ना, त्यात मी..."

"मला माहिती आहे," ती म्हणाली. "शेअर्ड शीट होती, बाबा. कुणी काय चेंज केलं ते सगळं दिसतं. तुझं नाव होतं. ट्वेल्व्ह फॉर्टी, लंच टाइम. त्याच दिवशी बघितलं मी."

पद्मिनी वळून माझ्याकडे बघत होती. तिला हे नवीन होतं. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं. माझा आवाज चढला, अजूनही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

"बोलणारच होते. तू छातीवर हात ठेवलास."

मला काहीतरी म्हणायचं होतं, चुकलो म्हणायचं होतं, आणि शब्द जुळवता जुळवता माझा हात छातीवर गेला. शपथेवर सांगतो, मी नेला नाही. तो गेला.

अनिकाने तो बघितला. ती चिडली नाही, गप्पही बसली नाही. उठून माझ्या शेजारच्या खुर्चीत आली, माझा हात छातीवरून उचलला, उलटा केला आणि अंगठ्याच्या खाली दोन बोटं ठेवली. डेब्राने दाखवली होती नेमकी तिथेच, शोधावं लागलं नाही. नजर मायक्रोवेव्हच्या वर टांगलेल्या घड्याळावर. अर्धा मिनिट ती दुसरं काहीही करत नव्हती, फक्त मोजत होती. त्या अर्ध्या मिनिटात मला किती धीर वाटला ते सांगून पटणार नाही. आयुष्यात मला पुष्कळ नर्सेसनी हात लावला, इतका शांत हात कुणाचाच नव्हता.

"सेव्हन्टी-फोर," ती म्हणाली. "रेग्युलर आहे. काही झालेलं नाही तुला."

तिने माझा हात टेबलावर ठेवला आणि वर तिच्या खोलीत गेली. पद्मिनीने नळ पुन्हा सोडला आणि माझ्याकडे पाठ करून भांडी विसळायला लागली. आज खरंच काहीतरी दुखायला हवं होतं असं मला वाटलं, पण छातीत काही दुखत नव्हतं. हात टेबलावर तसाच पडला होता. तो उचलून आता कुठे ठेवायचा ते मला कळेना.