पक्कड आणि माझी मान

मी सेलूची पितळी तोटी बोलतेय. तोंड वाकडं आहे, पण बोलणं सरळ. निजामाचं राज गेलं त्याच्या चौथ्या साली दिनकररावांनी मला बाजारातून आणलं आणि न्हाणीतल्या लोखंडी पिंपाला बसवलं. गडी सकाळी पिंप भरून जायचा. मग त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, माझा कान पिळला की पाणी हजर! विहिरीचा दोर ओढणं सुटलं. सासू झुंबरबाईला ते बघवेना.

दोन वर्षांनी मी गळायला लागले. माझ्या पोटात चामड्याची चकती असते, ती पाण्याची वाट अडवते. ती झिजली की थेंब सुरू. एवढंच माझं दुखणं. पण दिनकरराव पडले जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी दाबणारे. दाबलं की सगळं बसतं, हा त्यांचा भरवसा! रोज संध्याकाळी पक्कड घेऊन माझी मान आवळायचे. चकती आणखी चिरडायची, मी आणखी गळायचे. दुपारीच पिंप कोरडं आणि कस्तुराबाई पुन्हा विहिरीवर.

"काढ ती अवदसा, भोकाला बूच मार," झुंबरबाई लेकाला म्हणाली. "आमी काय दोर वढला न्हाई?"

"उद्या काढतो," दिनकरराव म्हणाले. झालं, माझी मोडीत रवानगी ठरली.

पण सकाळीच झरीहून कस्तुराबाईचा भाऊ लिंबाजी कापसाची गाडी घेऊन आला. बहिणीच्या हाताचे फोड बघून तो थेट न्हाणीत शिरला.

"दाजी, ही तोटी हाय का गाठ? किती आवळायलात!"

त्यानं पिंप रिकामं केलं, माझं डोकं फिरवून काढलं, आतली जागा फडक्यानं पुसली. गाडीत फाटक्या मोटेचं चामडं होतं. त्यातून नवी चकती कापली, तेलात भिजवून बसवली.

पिंप भरलं. थेंब नाही! झुंबरबाईनं माझ्या तोंडात बोट घालून पाहिलं, मी कोरडंच परत केलं.

"दोन बोटांनी बंद कर, कस्तुरा. पाणी थांबलं की हात काढ," लिंबाजी म्हणाला.

संध्याकाळी दिनकररावांचे हात शिवशिवले. "थोडी आवळून घेतो, म्हंजी पक्की बसंल. अगं, पक्कड कुठं गेली?"

"मला काय ठावं? आत्याबाईला विचारा."

न्हाणीच्या दारातून मला विहीर दिसते. कस्तुराबाई दुपारी तिथं गेली होती. घागर न घेता.

म्हणून सांगते बाबांनो, तोटी गळाली की आधी चकती बघा. आवळायची खाज सुटलीच, तर पक्कड आमच्या विहिरीत आहे. उडी मारा आणि घेऊन जा.