ओव्हनचं लॉगबुक

रत्नपालने चौतीस वर्षं कारखान्यात बॉयलर सांभाळला. निवृत्त झाला तेव्हा पाळीतल्या पोरांनी त्याला ओव्हन भेट दिला. बोर्लीच्या पलीकडे, त्याच्या गावात, असला ओव्हन दुसऱ्या कोणाकडे नव्हता. रिकाम्या बसलेल्या माणसाला तेवढं कारण पुरतं. जयंतीच्या बैठकीत तो उभा राहिला आणि म्हणाला, "दर वर्षी केक बोर्लीवरनं येतो. यंदा माझ्या घरी होईल." टाळ्या पडल्या. निरोपसमारंभानंतर तीन महिन्यांनी त्याच्यासाठी कोणी टाळ्या वाजवत होतं.

आता चौदा एप्रिल उद्यावर आली होती आणि दोन केक कोंबड्यांपुढे गेले होते. एक उजवीकडून कोळसा झालेला, दुसरा मधोमध बसलेला. मंडळाचा सेक्रेटरी प्रीतम दुपारी डोकावून गेला. "काका, पाचपर्यंत सांगा. न्हायतर बेकरीवाल्याला फोन लावतो." बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून रत्नपालला ते जास्तच लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तो वही उघडून बसला. कारखान्यातल्यासारखंच लॉगबुक त्याने ओव्हनसाठी घातलं होतं. दर पाच मिनिटांनी वेळ, तापमान, शेरा. वहीत चूक सापडेना.

चंदाबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. विहारात बायकांची उद्याच्या गाण्यांची तालीम चालली होती आणि ती इथूनच त्यांच्या सुरात सूर मिळवत होती. मध्येच थांबून तिने नवऱ्याला विचारलं, "अवो, त्याचं दार कितीदा उघडता?"

"दर पाच मिनिटांनी. आत बघायला नको?"

"मग काच कशाला दिलीय? धोंडसाचं झाकण मी असं सारखं उचललं असतं, तर सासूनं मला माहेरी धाडली असती!"

धोंडस म्हणजे काकडी, रवा आणि गुळाचा चुलीवरचा केकच. पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे. रत्नपालने तो पोटभर खाल्ला होता, होताना कधी बघितला नव्हता.

"निखारं कुठं जास्त झालं ते आमी पीठ टाकून बघायचो," म्हणत ती उठली. तिने ट्रेमध्ये तांदळाचं पीठ पातळ पसरलं. रत्नपालने बटण एकशे ऐंशीवर ठेवून वरच्या-खालच्या दोन्ही तापत्या सळ्या चालू केल्या आणि ओव्हन तापल्यावर ट्रे आत सरकवला. दहा मिनिटांनी काढला, तर डावीकडचं पीठ बदामी झालेलं आणि उजवा मागचा कोपरा काळा.

रत्नपालला स्वतःचाच राग आला. गेजच्या काट्यावर आंधळा विश्वास ठेवू नका, हे त्याने प्रत्येक नव्या पोराला घोकून घोकून शिकवलं होतं. घरच्या बटणावर मात्र तो डोळे मिटून विसंबला होता.

तिसऱ्या केकला त्याने बटण एकशे साठवर आणलं. चंदाबाईने भांडं वरच्या खणातून काढून मधल्या खणात ठेवायला लावलं. अर्धा वेळ झाला तशी त्याने भांड्याची दिशा एकदाच झटकन फिरवली. बाकीचा वेळ तो हात मांडीखाली दाबून काचेसमोर बसून राहिला. बॉयलर सोपा होता हो, तिथे निदान हात तरी हलवता येत.

पाचला दहा कमी असताना चंदाबाईने सुरी खुपसली. सुरी कोरडी निघाली. रत्नपालने प्रीतमला फोन लावला. "बेकरीवाल्याला नको म्हणून सांग!" त्याचा आवाज विहारापर्यंत गेला असेल.

मग तो सवयीने वहीत सही करायला बसला. बायकोला समजावू लागला, "पाळी संपली की इथे चार्ज देणाऱ्याची सही आणि इथे घेणाऱ्याची. दुसरा आल्याशिवाय पहिल्याने जागा सोडायची नाही."

"आनि दुसरा आलाच न्हाय तर?"

ती सहज बोलली होती. तांदळाचं सूप उचलून चुलीकडे निघालीही होती. विहारातलं पुढचं गाणं सुरू झालं. दर वर्षी तालीम दुपारी सुरू व्हायची ती ऐन संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळेपर्यंत चालायची, आणि चंदाबाई दर वर्षी इथूनच गायची. चौतीस वर्षं तो कारखान्यावरून शनिवारचा घरी येऊन आयता जेवायला पाटावर बसला होता. त्याला फार लाज वाटली.

त्याने तिच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि पेन दिलं. "इथे सही कर. चार्ज देणारी तू."

"येडं का काय? रात्रीचं बांगडं पडल्यात तसंच."

"ओव्हन गरम आहे. भाजतो मी. भातही टाकतो. तू तालमीला जा."

तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग खाली बसून सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. चांगली साडी नेसून बाहेर पडताना दारातून म्हणाली, "बांगड्यांना चिरा द्या, म्हंजे मसाला आत जातो. आनि..."

"दार उघडायचं नाही," रत्नपाल म्हणाला.

त्याने तिच्या नावाखाली सही केली. चार्ज घेणारा, पाच वाजून वीस मिनिटं. थोड्या वेळाने विहारातल्या गाण्यात एक आवाज वाढला. बांगड्यांना चिरा देता देता त्याने तो ओळखला.